जोड्यांचा खोका

आमची आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी पडद्यांकडे बघायची. घरातली माणसं "या, बसा" म्हणत असायची आणि हिची नजर खिडकीवर, पडद्याचे दोन पट्टे जिथं एकमेकांना जोडलेले असतात त्या उभ्या शिवणीवर. शिवणीच्या अलीकडचं अर्धं फूल आणि पलीकडचं अर्धं फूल एकमेकांना नीट भेटलं असेल तर ती निवांत चहा प्यायची. फूल वरखाली झालं असेल तर मात्र तिचं गप्पांत लक्ष लागायचं नाही. घरी परतताना बाबा विचारायचे, "काय गं ताई, आज कितीनं चुकलं होतं?" आत्या अंगठा आणि बोट जरासं लांब करून दाखवायची आणि म्हणायची, "एवढं. माणसं चांगली आहेत, पण कुणीतरी फसवलंय त्यांना."

तिचं कामच ते होतं. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवून देणाऱ्या एका दुकानात ती मागच्या खोलीत बसायची. पुढे काचेची खिडकी, गल्ला आणि मालक. मागे भलंमोठं कापायचं टेबल, भिंतीला टेकवून उभे केलेले कापडाचे तागे आणि गल्लीकडच्या खिडकीशी तिचं मशिन. कात्री लावण्याआधी ती कापडाकडे इतका वेळ बघत राहायची, की नव्या गिऱ्हाइकाला वाटावं बाईंचा डोळा लागला. मग एकदम खडूची रेघ, आणि कात्री कुठेही न अडखळता टोकापर्यंत. तिनं शिवलेला पडदा ओढून घेतला की शिवण कुठं आहे ते हात लावूनच शोधावं लागे.

आत्यानं लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, याची आमच्या घरात तीन-चार वेगवेगळी उत्तरं होती आणि विचारणाऱ्याच्या वयाप्रमाणे त्यातलं एक मिळायचं. ती आमच्याबरोबरच राहायची. बाबा बसच्या आगारात मेकॅनिक होते. आई टेलिफोन ऑफिसात, कानाला हेडफोन लावून, गावोगावचे फोन एकमेकांना जोडून द्यायची. तिच्या पाळ्या सतत बदलायच्या, म्हणून शाळा सुटली की माझा मुक्काम आत्याच्या दुकानात असे. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, मैदानावर पडीक.

मी पहिलीत असताना शाळेत डोळे तपासायला माणसं आली. एका बाईंनी माझा डावा डोळा हातानं झाकला आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. मी धडाधड वाचली. मग त्यांनी उजवा झाकला आणि म्हणाल्या, "आता वाच." मी मान पुढे काढली. त्या पुन्हा म्हणाल्या, "वाच ना." मी म्हणाले, "आधी तुम्ही दोन्ही डोळ्यांवरचे हात काढा." बाईंचा हात एकाच डोळ्यावर होता.

त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई सडसडीत होत्या आणि आवाज अगदी हळू होता, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकायला सगळे पुढे वाकून बसायचे. त्यांनी मशिनमधून बराच वेळ माझ्या डोळ्यात बघितलं आणि आईला सांगितलं, "डोळा आतून धडधाकट आहे. पण उजवा इतका चांगला बघतो, की मेंदू डाव्याला काही विचारायलाच जात नाही. घरात एक भाऊ सगळी कामं करायला लागला की दुसरा लोळत पडतो, तसंच."

आईनं दादाकडे बघितलं. दादानं छताकडे.

उपाय असा होता, की चष्मा घालायचा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. "पण नुसती पट्टी लावून बसवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जवळचं, बारीक बघायचं काहीतरी द्या हिला. तिला आवडेल असं. नाहीतर ती पट्टी काढणार."

"पूर्ण बरा होईल ना?" आईनं विचारलं.

"ते आत्ता सांगता येणार नाही. वय लहान आहे, ही जमेची बाजू."

पट्टी लावल्यावरचं जग मला अजून आठवतं. पाटीवर लिहिलेलं ओल्या बोळ्यानं अर्धवट पुसावं, तसं. माणसं असायची, पण त्यांना चेहरे नसायचे. शाळेत पोरं हसायची. दादानं मला "चाचे सरदार" म्हणायला सुरुवात केली, म्हणजे समुद्रावरच्या लुटारूंचा मुखिया. त्याला त्यात माझा मान वाटायचा, मला नाही. आईनं मणी ओवायला दिले. ते सगळे पलंगाखाली गेले. बाबांनी चित्रांचं पुस्तक आणलं. मी पट्टीची कड उचलून चांगल्या डोळ्यानं बघितलं आणि पकडली गेले. आई रागावली, बाबांनी लाडीगोडी लावली, आणि मी रडून पट्टी ओली केली, की ती आपोआप सुटायची.

दुकानात मी कापायच्या टेबलाखाली जाऊन बसायची. तिथं कुणी बघायचं नाही.

एक दिवस आत्यानं वरून काही चिंध्या खाली टाकल्या आणि मशिन न थांबवता म्हणाली, "ठमे, माझा गोंधळ झालाय. कुणाची कुणाशी जोडी आहे, तेवढं लावून दे."

ठमी म्हणजे मी. जाड्या पट्ट्यांचे दोन तुकडे, मोठ्या ठिपक्यांचे दोन, चौकडीचे दोन. डोळ्याशी धरून धरून मी जोड्या लावल्या आणि वर दिल्या. आत्यानं त्या बघितल्या आणि "हं, बरोबर" म्हणून ठेवून दिल्या. शाबासकी नाही, पापी नाही. मला तेच बरं वाटलं. त्या दिवसांत मी पाणी प्यायले तरी लोक शाबास म्हणायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोंधळ. तिसऱ्या दिवशी जास्त गोंधळ. हळूहळू आत्यानं तुकडे एकसारख्या मापाचे कापून पुठ्ठ्यावर चिकटवले आणि बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात ठेवले. आम्ही त्याला जोड्यांचा खोका म्हणायचो. एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "ही पोरगी सारखं जोड्यांचा खोका कुठाय म्हणते. इथं बूट पण मिळतात का?" मालक म्हणाले, "नाही, पण खोका बुटांचाच आहे." त्या बाई दुकानातून विचारात पडूनच गेल्या.

खेळ अवघड होत गेला. आधी पट्टे आणि ठिपके. मग जाड पट्टे आणि त्याहून किंचित बारीक पट्टे. मग अशी चौकडी, जिच्यात एका तुकड्यात एकच रेघ जास्त. मी झपाझप जोड्या लावायला लागले. घरी गेल्यावर आत्या बाबांना सांगायची, "आज सगळ्या लावल्या." बाबांचा चेहरा उजळायचा.

पण एक दिवस मी गल्लीतल्या मांजराकडे बघत बघत जोड्या लावत होते. म्हणजे मांजर म्हणून जो करडा डाग हलत होता, त्याच्याकडे. आत्याचं मशिन थांबलं.

"ठमे, हात मागे घे बघू. आता सांग, या पट्ट्यांचा जोडीदार कुठला?"

मला सांगता येईना. मखमल हाताला वेगळी लागते, सुती कापड वेगळं, जाड विणीचं सोफ्याचं कापड तर खरखरीतच. माझी बोटं केव्हाच ते शिकून बसली होती आणि डोळा पुन्हा लोळत पडला होता. मी रडायला लागले.

आत्या मशिनवरून उठली आणि चक्क टेबलाखाली येऊन माझ्याशेजारी बसली. गुडघे दुमडून, डोकं टेबलाला लागू नये म्हणून मान वाकडी करून. "बोटं हुशार आहेत तुझी," ती म्हणाली. "पुढे उपयोगी पडतील. पण डॉक्टरीणबाईंनी काम बोटांना दिलेलं नाही." मग जरा वेळानं, जास्त करून स्वतःशीच, "सगळं एकाच कापडाचं पाहिजे."

एकाच कापडावर निरनिराळी छपाई असलेले तुकडे दुकानात नव्हते. ते होते नमुनेवाल्या काकांकडे.

नमुनेवाले काका एका कापड कंपनीचे फिरते विक्रेते होते. दर काही आठवड्यांनी ते दोन जड बॅगा घेऊन यायचे. बॅगांत कापडाच्या नमुन्यांची जाडजूड पुस्तकं. एकेक पान म्हणजे कापडाचा तुकडा, मागे त्याचा नंबर. माणूस उंच होता आणि बॅगांमुळे की काय, खांद्यात जरा वाकलेला. बोलणं मोजकं. इतर विक्रेते मालकांना विनोद सांगायचे. हे नमुने सांगायचे.

आत्यानं त्यांना विचारलं, "एकाच सुती कापडावरचं, जुनं झालेलं एखादं पुस्तक असेल का? टाकून द्यायचं असलं तरी चालेल."

"कशाला?"

आत्यानं टेबलाखाली बोट दाखवलं. काका वाकले, आणखी वाकले आणि शेवटी उकिडवे बसले. माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "सध्या किती डोळ्यांनी बघता आपण?"

"एका," मी म्हणाले. "आणि तो बिघडलेला आहे."

"मग आपलं जमेल," काका म्हणाले.

पुढच्या खेपेला त्यांनी पुस्तक आणलं. पानं, वेली, बुट्टे, लहान-मोठी फुलं, सगळं एकाच गुळगुळीत कापडावर. आत्या हरखून गेली. तिनं त्याचे नवे तुकडे केले. आता एकच वेल तीन-चार रंगांत होती. एकात पानं उजवीकडे वळलेली, एकात डावीकडे. शिवाय तिनं एक नवी करामत केली. काही नक्ष्या मधोमध कापल्या, आणि त्यांची दोन अर्धुकं अशी लावायची, की मधली फट कळू नये. तिचं रोजचं काम तिनं माझ्या मापाचं करून दिलं होतं. हात मागे ठेवून आधी डोळ्यानं शोधायचं, सांगायचं, मगच उचलायचं, हा नियम.

पहिले काही दिवस मला एकही जोडी लागेना. मग एखादी लागली. मग एक दिवस पानांच्या शिरा दिसल्या. मला वाटलं आत्यानंच त्या रात्रीतून काढल्या. मी विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "होत्याच तिथं." आणि तोंड फिरवून दोरा ओवायला लागली. त्या दिवशी तिला दोरा ओवायला फार वेळ लागला.

काका आता लवकर लवकर यायला लागले. मालक गल्ल्यावरून म्हणायचे, "आजकाल कंपनीचे नमुने फारच भराभर बदलतात बुवा." काका कानापर्यंत लाल व्हायचे. काम संपलं की ते स्टुलावर न बसता खाली बसायचे आणि माझ्याशी जोड्या खेळायचे. आत्या मशिनवरून निकाल द्यायची. अर्धुकं जोडण्यात काका तरबेज होते. पण रंगांच्या जोड्यांत मी त्यांना हटकून हरवायची. मला वाटायचं, मोठी माणसं हरतात तसे ते मुद्दाम हरतायत.

एका दुपारी त्यांनी लाल फळांची वेल हिरव्या फळांच्या वेलीशेजारी ठेवली.

"काका, हे लाल आहे. ते हिरवं."

"हो, हो. चुकलं."

त्यांनी एक उचलून तपकिरीशेजारी ठेवलं.

"काका, तुम्हाला लाल दिसत नाही का?"

हे मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, आणि माझा नेहमीचा आवाज लहान नव्हता. मशिन थांबलं. दारात मालक एका गिऱ्हाइकाला तागे दाखवायला घेऊन उभे होते. आत्या म्हणाली, "टेबलाखाली उजेड तरी कुठाय. बाहेर येऊन खेळा दोघं." मालक हसले, गिऱ्हाईक हसलं, आणि तागे उलगडायला लागले. काकांनी बॅगांचे पट्टे आवळले आणि कधी निघून गेले ते कळलंसुद्धा नाही.

त्यानंतर ते आलेच नाहीत. त्यांची पाळी येऊन गेली, दुसरीही गेली. मी विचारलं की आत्या म्हणायची, "कामं असतील." पण गल्लीत बॅग टेकल्यासारखा आवाज झाला की तिचा पाय मशिनवर थबकायचा.

मग एका सुट्टीच्या दिवशी आत्यानं ठेवणीतले कपडे घातले, जोड्यांचा खोका पिशवीत टाकला आणि आईला म्हणाली, "ठमीला घेऊन जरा जाऊन येते." कुठं, ते आईनं विचारलं नाही. बाबांनी आम्हाला आगारातल्या ओळखीच्या ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसवून दिलं, आणि बस सुटताना मला म्हणाले, "आत्याची नीट काळजी घे."

काका शेजारच्या शहरात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांची आई गेल्यापासून एकटेच. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात इस्त्री होती. खोली इतकी नीटनेटकी, की पाय कुठं ठेवावा कळेना. आत्या आत गेली, खिडकीच्या पडद्याकडे एकदा बघितलं आणि खुर्चीवर बसली.

"ही माफी मागायला आली आहे," ती म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं. मी आत्याकडे बघितलं.

"तिनं कशाला मागायची," काका म्हणाले. "खरं तेच बोलली ती." त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "लहानपणापासून असंच आहे. लाल, हिरवं, तपकिरी, मला सगळी एकाच घरातली माणसं वाटतात. नंबर पाठ करतो. गिऱ्हाइकानं हिरवं मागितलं की मागचा नंबर बघून पान काढतो. नवं पुस्तक आलं की खालच्या मजल्यावरच्या आजींना चहा पाजतो आणि सगळे रंग वदवून घेतो. त्या परत परत विचारतात, तुम्हाला एवढी कसली शंका येते म्हणून." ते जरा हसले. "आता मालक कंपनीला सांगतील."

"मालकांना?" आत्या म्हणाली. "त्यांना त्यांच्या दुकानाच्या पाटीचा रंग विचारला, तर बाहेर जाऊन बघून येतील ते. त्यांच्या काही लक्षात आलेलं नाही."

काकांनी मोठा श्वास सोडला. इतके दिवस तो आतच ठेवलेला असावा.

"पण एखाद्या दिवशी नंबर चुकला तर?" आत्यानं विचारलं.

काका इस्त्रीची वायर गुंडाळायला लागले. मला ते उत्तर येत होतं. मी म्हणाले, "आत्या, काकांना बोटं चालतील का? त्यांना डॉक्टरीणबाईंनी मना केलेलं नाही."

आत्यानं माझ्याकडे असं काही बघितलं, की शाबासकी दिली नाही तरी चालेल असं मला वाटलं. तिच्या पिशवीत सुई-दोरा असायचाच. तिनं नमुन्यांचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि लाल तुकड्याच्या मागे, कोपऱ्यात, एक उभा टाका घातला. हिरव्याला आडवा. तपकिरीला फुली. पुढून काही दिसायचं नाही. मागून बोट फिरवलं की कळायचं. काका डोळे मिटून एकेक पान चाचपत होते आणि रंग सांगत होते, आणि आत्या "हं, बरोबर" म्हणत होती. मी खाली बसून बिस्किटं खाल्ली. पुडा संपला तरी त्यांचं पुस्तक संपलं नव्हतं.

काका पुन्हा यायला लागले. आता ते पान काढताना नंबर बघत नसत. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्यांचं बोट मागे फिरायचं. मालक म्हणायचे, "काय पाठांतर आहे माणसाचं."

दर तपासणीला तक्त्यावरची एखादी ओळ मला जास्त वाचता यायला लागली. ज्या दिवशी मी डाव्या डोळ्यानं खालच्या बारीक ओळीशी पोचले, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारलं, "घरी काय करून घेता हिच्याकडून?" आत्यानं खोका उघडून टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा सारखा केला आणि त्या स्वतःच खेळायला बसल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते. दोन अर्धुकं त्यांना काही केल्या जुळेनात. मी मदत करायला गेले तर म्हणाल्या, "थांब, सांगू नकोस." शेवटी जुळली तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या, आणि असा एक खोका दवाखान्यासाठी करून द्याल का, असं त्यांनी आत्याला विचारलं.

आत्यानं करून दिला. मग आणखी एक, बालवाडीसाठी. पुढे काकांच्या बॅगेत नमुन्यांच्या पुस्तकांबरोबर बुटांचा एखादा खोका असायचाच. ज्या गावी जात तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात किंवा शाळेत तो ठेवून यायचे. मोठं काही झालं नाही त्याचं. कुणी कारखाना काढला नाही, पेपरात काही छापून आलं नाही. पण गावोगावी कुठली कुठली पोरं आत्याच्या चिंध्यांच्या जोड्या लावत बसली होती, आणि त्यांतल्या कुणाचंच नाव आम्हाला माहीत नव्हतं, याची मला तेव्हा फार गंमत वाटायची.

माझा डावा डोळा उजव्याइतका कधीच झाला नाही. पण कामाला लागला. पट्टी सुटली, चष्मा राहिला. मी पोस्टात लागले आणि आजही बारीक अक्षरातले पत्ते दोन्ही डोळ्यांनी वाचते.

आत्याचं लग्न ठरलं ते माझ्यासमोर, दुकानातच. मी तेव्हा चौथीत होते. आत्या नव्या पुस्तकाला टाके घालत होती आणि काका स्टुलावर बसून दोऱ्याचं रीळ धरून होते. ते म्हणाले, "या टाक्यांसाठी मला दर वेळी इतकं लांब यावं लागतं."

"मग?"

"मग काही नाही. सहज म्हणालो."

आत्यानं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि वर न बघता म्हणाली, "असल्या गोष्टी सहज म्हणू नयेत. नीट म्हणा."

काकांनी नीट म्हटलं. मी गृहपाठाच्या वहीत डोकं खुपसून सगळं ऐकलं आणि घरी जाऊन कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. आई खाली बसली. बाबा एकदम बाहेर गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. दादा म्हणाला, "म्हणजे आता काका नाही म्हणायचं. आतोबा म्हणायचं." मला काही ते जमलं नाही.

नोंदणी कचेरीत सह्या करून दोघांचं लग्न झालं आणि आत्या काकांच्या शहरात राहायला गेली. तिच्या पाठोपाठ मशिन टेम्पोत चढलं तेव्हा मी इतकी रडले, की टेम्पोवाल्यानंच मला पाणी दिलं.

सुट्ट्यांत मी त्यांच्याकडे जायचे. माझं सगळ्यात सुखाचं आठवणीतलं घर कुठलं म्हणाल, तर ते. सकाळी मशिनचा आवाज, खालच्या मजल्यावरच्या आजींचा रेडिओ, आणि काकांचे शर्ट. लग्नाआधी काका पांढरा शर्ट आणि करडी पँट यापलीकडे कधी गेले नव्हते, कारण त्यात चूक होण्याची भीती नव्हती. आत्यानं त्यांना गडद निळा शिवला, मग गर्द तांबडा, मग जांभळा. काका तो घालून तिच्यापुढे उभे राहायचे.

"आज मी काय घातलंय?"

"जांभळा."

"शोभतो?"

"आरशाला विचारू नका, मला विचारा. शोभतो."

बाजारात फिरताना ते रंग विचारत चालायचे. गरज म्हणून नव्हे, आवड म्हणून. आत्या कधी कंटाळली नाही. तिनं त्यांच्यासाठी रंगांची वेगळीच भाषा केली होती. लाल म्हणजे इस्त्री गालाजवळ आणल्यावर लागतं तसं. हिरवा म्हणजे दोरीवरच्या ओल्या चादरींमधून जाताना वाटतं तसं. एकदा काकांनी मला हळूच सांगितलं, "तुमच्या लोकांना रंग नुसते दिसतात. मला सांगितले जातात."

काका गेले तेव्हा ते बरेच थकले होते. आत्यानंच त्यांच्यासाठी शेवटचा शर्ट निवडला, गडद निळा. नंतर बाबांनी, मी, सगळ्यांनी तिला आमच्याकडे चल म्हणून किती तरी सांगितलं. ती म्हणाली, "इथं बरी आहे मी." कपाट मात्र तिनं लगेच रिकामं केलं. शर्ट घडी करकरून ज्याला जो बसेल त्याला दिले. दूधवाल्याला तांबडा, समोरच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरला जांभळा, आजींच्या नातवाला चौकडीचा. मला वाटलं, हिला ते डोळ्यांसमोर नको असतील.

त्यानंतर काही महिन्यांनी मी रजा काढून तिच्याकडे गेले. ती खिडकीशी खुर्ची घेऊन बसली होती. मशिनवर कापड होतं, पण काम थांबलेलं. तिनं मला शेजारी बसवून घेतलं आणि चहा ओतता ओतता रस्त्याकडे मान केली. वर्कशॉपचं दार उघडून तो वेल्डर बाहेर येत होता. बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर नळी.

"आज जांभळा घातलाय," आत्या म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

तो कोपऱ्यावर वळून दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो. मग तिनं मला बिस्किटं दिली आणि मशिन सुरू केलं.